अनारसे का हसतात: फराळाच्या एका साइटचं प्रकरण

साताऱ्यात आमच्या घरासमोर राहणाऱ्या काकू गेली काही वर्षं मराठीत पाककृती लिहितात. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात, एरवी पापड, सांडगे, मेतकूट चालू असतं. लिहिण्याचा हात मोकळा आहे, आणि लिहितात ते सगळं स्वतः करून पाहिलेलं. त्यासाठी वर्डप्रेस या साइट बांधायच्या तयार साधनावर त्यांच्या भाच्याने एक साइट उघडून दिली आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला. लेख शंभराच्या वर गेले, पण वाचक मात्र व्हॉट्सॲपवरच्या ओळखीच्या गटांमधलेच राहिले. लिंक पाठवली की चार जणी वाचायच्या. नाही पाठवली तर तिकडे कोणी फिरकायचं नाही.

श्रावणात काकूंचा फोन आला. "अगं, एक जण म्हणतोय, महिन्याभरात गूगलवर पहिला नंबर आणून देतो. हजार लिंका देणार आहे आणि ढीगभर तयार लेख. भरू का पैसे?"

"काकू, चार दिवस थांबा. आधी मला साइट बघू द्या," मी म्हटलं.

साइटींची देखभाल हे माझं रोजचं काम आहे, तरी ही साइट मी आतून कधी पाहिली नव्हती. त्या चार दिवसांत आणि पुढच्या तीन महिन्यांत जे दिसलं, जे केलं आणि जे जमलं नाही, ते काकूंच्या परवानगीने लिहिते आहे. वाचकांचे आकडे देऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं आहे, म्हणून ते इथे नाहीत.

पहिल्या नंबराचं आधी निकालात काढते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. हमी देणारा भेटला की तिथूनच मागे फिरावं. राहिल्या विकतच्या लिंका. गूगलची सुरुवातच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या एका कल्पनेतून झाली: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस. शिफारशीला किंमत आली की तिचा बाजारही भरतो. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. शेकडो असंबद्ध साइटींवरून तिच्याकडे हजारो लिंका लावलेल्या होत्या आणि त्या जोरावर कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत ती सगळ्यात वर दिसत होती. गूगलने कारवाई केली तेव्हा प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या यंत्रणेत पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा लिंका हेरायचं काम यंत्रणेच्याच अंगी आलं. तयार लेखांच्या ढिगाबद्दलही मार्च २०२४ पासून गूगलचं धोरण उघड आहे: केवळ क्रमांकासाठी घाऊक पाडलेला मजकूर म्हणजे गैरवापर, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. जेसी पेनीसारखी मोठी कंपनी अशा कारवाईतून सावरते. साताऱ्याच्या एका घरगुती साइटला ते परवडणारं नाही. हे ऐकल्यावर काकूंनी त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

नेमकं अडलं कुठे

"माझं गूगलवर येत नाही" ही तक्रार मी सतत ऐकते, आणि प्रत्येक वेळी तिच्यात तीन वेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, तुमच्या पानापर्यंत येतो का, ही पहिली. वाचलेलं पान तो आपल्या नोंदीत चढवतो का, ही दुसरी. आणि कोणी काही विचारलं की त्या नोंदीतून तुमचं पान किती वर काढतो, ही तिसरी. औषध तिन्हींचं वेगळं आहे. पहिलीवरच गाडी अडली असेल तर शीर्षकं घासूनपुसून काही होत नाही.

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या पानावर, शोधयंत्रांना दूर ठेवायची एक चौकट असते. साइट बांधताना तिथे खूण करतात आणि नंतर ती काढायला विसरतात. मी तिथून सुरुवात केली. खूण नव्हती. मग गूगलच्या शोधात इंग्रजीत साइट, त्याला जोडून कोलन आणि पुढे काकूंचा पत्ता, असं टाकून पाहिलं. ढोबळ अंदाज येतो. बरेच लेख दिसले, पण फराळाचे सगळ्यात जुने, सगळ्यात चांगले लेख गायब होते.

साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचंच एक साधन आहे, सर्च कन्सोल. भाच्याने ते तेव्हाच जोडून ठेवलं होतं, ही या प्रकरणातली सगळ्यात भाग्याची गोष्ट. कोणी ते उघडलं मात्र नव्हतं. सर्च कन्सोल मागच्या सोळा महिन्यांची नोंद ठेवतं. म्हणजे गेल्या दिवाळीत कोणत्या शब्दांच्या शोधात काकूंची पानं दिसली होती, ते सगळं तिथे होतं. त्याकडे येतेच. आधी गायब लेख.

त्यांच्यापुढे शेरा होता: क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड. बॉट येऊन गेला, पान पाहिलं, नोंदवलं नाही. लेख उघडला तर आत एक छान टाइप केलेलं पान दिसत होतं. अक्षरावर बोट ठेवून निवडायला गेले, तर निवडलंच जाईना. तो फोटो होता. काकूंनी पूर्वी फराळाची एक पुस्तिका एका डीटीपीवाल्याकडून करून घेतली होती, ती जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये. त्यातला मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा व्हायचा, कारण त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत साठवलेली अक्षरं मराठी नसतात. काकूंनी आपल्या परीने वाट काढली: पानांचे फोटो काढून चढवले. वाचणाऱ्याला कळतं, पण शोधयंत्राच्या दृष्टीने त्या लेखात शीर्षक आणि एक जेपीजी फाइल, एवढंच.

मराठीत हे दुखणं किती घरांत असेल याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. जुन्या स्मरणिका, दिवाळी अंकांतले लेख, संस्थांची माहितीपत्रकं, सगळं अशाच फोटोंत आणि पीडीएफमध्ये कोंडलेलं आहे. काकूंच्या भाचेसुनेने रात्री बसून ती पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. फाँट बदलून देणारी साधनं असतात, पण जोडाक्षरांत चुका राहतात आणि पाककृतीत "पाव"चं "पाऊण" झालेलं चालत नाही. तीन आठवडे गेले त्यात. या सगळ्या प्रकरणात इतकं मोलाचं काम दुसरं झालं नाही.

"चकल" कुठून आली

काकूंच्या चकलीच्या लेखाचं नाव होतं "दिवाळी फराळ खुसखुशीत चकली कशी करावी". पत्त्यात मात्र शेवटी "दिवाळी-फराळ-खुसखुशीत-चकल" एवढंच उरलं होतं. पुढच्या वर्षी तसंच नाव दिलेल्या लेखाचा पत्ता तोच, फक्त शेवटी २ जोडलेला. काकूंना वाटत होतं, आपल्याच हातून काही चुकलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि वेबच्या पत्त्यात एकेका बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे "दिवाळी" या तीन अक्षरांची चिन्हं सहा आणि पत्त्यातली लांबी चोपन्न. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांची मर्यादा घालतं. "चकल"पर्यंत १९२ होतात. शेवटच्या वेलांटीला नऊ हवीत, आठच उरतात, म्हणून ती गळते.

गूगलला देवनागरी पत्ता चालतो, क्रमांक काही त्यामुळे घसरत नाही. त्रास होतो तो पत्ता कॉपी करून कोणाला पाठवताना, कारण टक्क्यांच्या खुणांची हातभर माळ पाहून लोक ती उघडायला बिचकतात. त्यामुळे नव्या लेखांचे पत्ते आम्ही दोन-तीन शब्दांचे, रोमन अक्षरांत ठेवायचे ठरवले आणि त्यात साल घालायचं नाही, हेही. फराळ दरवर्षी तोच असतो, तर पानही दरवर्षी तेच राहू दे, त्यातच भर घालू. जुने पत्ते आम्ही बदलले नाहीत. पत्ता बदलला की त्या पानाने कमावलेली ओळख जाते, जोवर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावत नाही. ते आम्ही फक्त चकलीसाठी केलं: तीन वर्षांचे तीन लेख होते, एकमेकांशी स्पर्धा करणारे आणि तिन्ही अपुरे. एकात भाजणीचं प्रमाण, दुसऱ्यात उकड, तिसऱ्यात तळणं. तिन्हींचं एक पान केलं, बाकी दोन पत्ते तिकडे वळवले.

एकत्र करताना एक गंमत कळली. काही वाचक चकलीचा साचा म्हणतात, म्हणून काकूंच्या "सोऱ्या"पुढे तसं लिहायचं ठरवलं. फाइल घेऊन शोधा-बदला केलं तर निम्मे सोऱ्ये सुटले. अर्ध्या लेखांत तो "ऱ" हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिला होता, अर्ध्यांत साध्या र ला पाय मोडून आणि अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. गूगल अशा फरकांत बरंच सावरून घेतं, तरी आम्ही सगळीकडे एकच रूप केलं.

लोक कोणत्या शब्दांत विचारतात

आता सर्च कन्सोलकडे. तिथे प्रत्येक शोधवाक्यापुढे तुमचं पान किती वेळा दिसलं, त्यावर किती जणांनी बोट ठेवलं आणि सरासरी कितव्या जागी होतं, ते दिसतं. गेल्या दिवाळीचा महिना निवडला आणि काकूंना शेजारी बसवून यादी मोठ्याने वाचायला लागले.

चकली तेलात विरघळते. चकली मऊ पडते. चकली भाजणी प्रमाण किलो. शंकरपाळे कडक होतात. यातलं अर्धंअधिक रोमन अक्षरांत टाइप केलेलं होतं. आणि मग, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रूपांत: अनारसे का हसतात. अनारसे हसतात उपाय. अनारसे हसले काय करावे.

काकू म्हणाल्या, "म्हणजे हे लोक मलाच विचारत होते?"

खरंच त्यांनाच विचारत होते. अनारसा तुपात सोडल्यावर भाजीत पाणी सुटावं तसा पसरतो, त्याचे तुकडे सुटतात, तूप गढूळ होतं. याला आपल्याकडे अनारसा हसला म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून भाषांतर केलेल्या पाककृतीत सापडत नाही. घरात अनारसे पाहिलेल्या माणसालाच तो ठाऊक असतो. काकूंच्या एका लेखात तो होता. लेखाचं नाव "धनत्रयोदशीची संध्याकाळ". त्यात सासूबाईंची आठवण आहे, दिव्यांचं वर्णन आहे आणि मधेच एक वाक्य: "पहिला घाणा हसला, तेव्हा मला रडू आलं होतं." एवढ्या एका वाक्यावर गूगल ते पान या प्रश्नासाठी दाखवत होतं, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठेतरी. त्यावर कोणी बोट ठेवत नव्हतं, आणि ते साहजिक होतं. तुपात अनारसे विरघळत असताना "धनत्रयोदशीची संध्याकाळ" कोण उघडून वाचेल? आणि उघडलंच असतं, तरी पुढे उपाय दिलेला नव्हता.

एसईओची, म्हणजे शोधात पान वर आणण्याच्या खटपटीची, पुष्कळ चर्चा ऐकली, केली. तिचं मूळ मला या एका यादीत दिसतं. काकूंकडे उत्तर होतं. विचारणाऱ्यांचे शब्द आणि काकूंचे शब्दही एकच होते. नव्हतं ते फक्त एक पान, ज्याच्या कपाळावर तो प्रश्न लिहिलेला आहे आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर आहे.

ते पान लिहायला काकूंच्या स्वयंपाकघरात बसले. "गूळ बेताने घालायचा" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बेताने म्हणजे किती, हे विचारल्यावर त्या वाटी शोधायला उठल्या. तीन दिवस भिजवलेल्या, रोज पाणी बदललेल्या, निथळून दमट असतानाच दळलेल्या तांदळाच्या एका वाटी पिठीला पाऊण वाटी चिरलेला गूळ निघाला. डब्यातला गोळा त्यांनी मुद्दाम थोडा सैल केला. खसखशीवर अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला. दोन क्षणांत कडा सुटल्या. "हसला बघ." मग कपाटातून एक छोटा डबा काढला. दरवर्षी गूळ न घालता मूठभर कोरडी पिठी त्या बाजूला ठेवतात, ती याचसाठी. दोन चमचे पिठी गोळ्यात मळली, थोडा वेळ झाकून ठेवला, पुन्हा एक थापून सोडला. हा गोल राहिला, वरून झाऱ्याने तूप उडवल्यावर जाळी पडली. मी दोन्ही अनारशांचे शेजारी शेजारी फोटो काढले.

तो छोटा डबा त्यांनी कधीच लिहिला नव्हता. "त्यात काय लिहायचं?" म्हणाल्या. शोधाचे निकाल तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना गूगल देत असलेल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये अनुभव या निकषाची भर पडली: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का. हा काही गुण देणारा आकडा नाही, पण यंत्रणा कोणत्या दिशेने घडवली जाते ते त्यातून कळतं. अनुभव म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी तो डबा दाखवेन.

नव्या पानाचं शीर्षक: "अनारसे का हसतात? कारणं आणि हमखास उपाय". "धनत्रयोदशीची संध्याकाळ" आम्ही बदलली नाही. काकूंचं ते लेखन जसं आहे तसंच सुंदर आहे. फक्त त्या वाक्यातल्या "हसला" या शब्दावर नव्या पानाची लिंक ठेवली. अशा अंतर्गत लिंका आधी साइटवर एकही नव्हत्या; चकलीवरून भाजणीकडे, भाजणीवरून थालीपिठाकडे, अशा मग लावत गेलो.

बाकीची कामं थोडक्यात. फोटो फोनमधून थेट चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. गावाकडच्या मोबाइल नेटवर ते शक्यच नव्हतं. आकार कमी केले, आणि फोटोत काय आहे ते ऑल्ट मजकुरात साध्या मराठीत लिहिलं. पाककृतीचा स्कीमा, म्हणजे शोधयंत्रासाठी ठरावीक रकान्यांत भरलेली माहिती, लावला. त्यात नाव आणि फोटो सक्तीचे असतात. कॅलरी मोजलेल्या नाहीत, म्हणून ते रकाने कोरे सोडले, आणि वाचकांच्या पसंतीच्या खोट्या चांदण्या तर नाहीच. कीवर्डच्या पेटीत कोणीतरी चाळीसेक शब्द भरून ठेवले होते. गूगल क्रमांकासाठी ते बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवला नाही. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचा छोटा सारांश, यानेही क्रमांक वाढत नाही, पण यादीत शीर्षकाखाली तेच दिसण्याची शक्यता असते, म्हणून महत्त्वाच्या दहा-बारा पानांसाठी ते काकूंकडून दोन ओळींत लिहून घेतलं.

वेळेचं मात्र सांगायला हवं. काकू फराळाचे लेख वसुबारसेला टाकायच्या. तोवर लोकांच्या भाजण्या दळून आलेल्या असतात. नवं पान गूगलने वाचून, नोंदवून, वर आणायला कधी काही तास लागतात, कधी महिने. आम्ही सगळं पितृपक्षापूर्वी चढवलं आणि सर्च कन्सोलमधून त्या पानांची नोंद करायची विनंती पाठवली.

दिवाळीत काय दिसलं

पुन्हा टाइप केलेली पुस्तिकेतली पानं बहुतेक सगळी नोंदीत आली. "अनारसे का हसतात"चं पान कोजागरीच्या सुमाराला पहिल्या पानावर दिसायला लागलं आणि दिवाळीभर तिथेच राहिलं. चकलीच्या एकत्र केलेल्या पानाला "विरघळते", "मऊ पडते", "किलोचं प्रमाण" अशा शोधांतून वाचक आले. नुसत्या "चकली रेसिपी" या शोधात काकू अजूनही खूप खाली आहेत. तिथे मोठ्या साइटी आहेत, व्हिडिओ आहेत, आणि ती जागा एका हंगामात मिळेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. करंजीचं पान का वर येत नाही, ते मला अजून उलगडलेलं नाही. शीर्षक दोनदा बदलून पाहिलं, फरक पडला नाही. बहुधा त्यात दुसरीकडे न मिळणारं असं काही नाहीच, आणि काकूंनाही ते पटतं आहे.

काकूंची सवय बदलली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. फोनजवळ एक वही आहे. ऑर्डर देताना बायका जे विचारतात ते त्याच शब्दांत त्या टिपून ठेवतात. महिन्यातून एकदा आम्ही सर्च कन्सोलची यादी त्या वहीशेजारी ठेवून वाचतो. या वेळी यादीत एक नवा प्रश्न होता, परदेशात राहणाऱ्या कोणीतरी विचारला असावा असा: इडली राइसचे अनारसे होतात का. काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी काल पाव किलो इडलीचा तांदूळ भिजत घातला आहे. परवा उपसून दळतील.